विश्लेषण : मुंबईहून पाठवलेला वायूंचा सिद्धांत ४५ वर्षे कपाटात का पडून राहिला? कोण होते जॉन वॉटरस्टन?

मे महिन्यातल्या भर दुपारी खांडबारा स्थानकाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीचा टायर दाबून पाहा. सकाळी होती तेवढीच हवा आत आहे, कुणी वाढवलेली नाही. तरीही टायर सकाळपेक्षा टणक लागतो. का? शाळेच्या पुस्तकात याचे उत्तर दोन ओळींत आहे. वायूचे रेणू सतत धावत असतात आणि तापमान वाढले की जास्त वेगाने धावतात, त्यामुळे टायरच्या भिंतीवर त्यांचे धक्के वाढतात. या दोन ओळींमागचे गणित जवळजवळ पूर्ण स्वरूपात सर्वप्रथम मांडणारा माणूस त्या वेळी मुंबईत नोकरी करत होता. १८४५ मध्ये त्यांनी आपला निबंध लंडनला पाठवला. तो छापला गेला १८९२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. जॉन जेम्स वॉटरस्टन यांची ही कहाणी.

वॉटरस्टन कोण होते?

वॉटरस्टन यांचा जन्म १८११ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील जॉर्ज यांचा लाखेच्या कांड्या आणि लेखनसाहित्याचा व्यवसाय होता. पत्रावर मोहोर उठवण्यासाठी तेव्हा लाख लागत असे. शालेय शिक्षणानंतर वॉटरस्टन यांनी स्थापत्य अभियंत्यांच्या हाताखाली उमेदवारी केली. त्याच वेळी एडिंबरा विद्यापीठात जॉन लेस्ली यांची व्याख्यानेही ते ऐकत होते. गणित आणि भौतिकशास्त्राबरोबरच रसायनशास्त्र आणि शरीररचनाशास्त्राचेही धडे त्यांनी घेतले.

जेमतेम विशीत असताना त्यांनी गुरुत्वाकर्षणावर एक लेख प्रसिद्ध केला. दोन वस्तू एकमेकींना स्पर्श न करता कशा ओढतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. अवकाशातल्या सूक्ष्म कणांच्या टकरींमधून ही ओढ निर्माण होत असावी, अशी त्यांची कल्पना होती. ती पुढे टिकली नाही. मात्र दिसणाऱ्या परिणामामागे न दिसणाऱ्या कणांच्या टकरी शोधण्याची सवय त्यांना तेव्हापासूनच लागली.

एकविसाव्या वर्षी ते लंडनला गेले. इंग्लंडमध्ये तेव्हा रेल्वेचे जाळे विणले जात होते आणि सर्वेक्षण करणाऱ्यांना मोठी मागणी होती. वॉटरस्टन यांनाही रेल्वेमार्गांच्या मोजणीचे काम मिळाले. पण गावोगाव फिरण्यात दिवस जात आणि अभ्यासाला वेळ उरत नसे. म्हणून त्यांनी नौदल कार्यालयाच्या जलसर्वेक्षण विभागात नोकरी धरली. विभागाचे प्रमुख होते फ्रान्सिस ब्यूफोर्ट. वाऱ्याचा जोर मोजण्याचे ब्यूफोर्ट मापक आजही हवामान खाते वापरते, ते यांच्याच नावाचे.

मुंबईत ते कसे आले?

ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातील शिकाऊ अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी मुंबईत शिक्षक हवा होता. ब्यूफोर्ट यांनी वॉटरस्टन यांचे नाव पुढे केले आणि १८३९ मध्ये त्यांची नेमणूक झाली. पगार बरा होता. मुख्य म्हणजे शिकवण्याचे तास संपल्यावर उरलेला वेळ स्वतःचा होता. मुंबईतल्या वास्तव्यात त्यांनी ग्रँट महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचाही उपयोग केला.

तेव्हाची मुंबई विज्ञानाला अगदीच परकी नव्हती. बाळशास्त्री जांभेकर याच काळात एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत होते आणि कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही पाहत होते. तरीही युरोपातल्या विज्ञानाच्या मुख्य प्रवाहापासून मुंबई फार दूर होती. नवे नियतकालिक हाती पडायला कित्येक आठवडे लागत. एखाद्या कल्पनेवर चर्चा करावी, चूक दाखवून घ्यावी, असे त्या विषयातले लोक आजूबाजूला नव्हते. वॉटरस्टन जवळजवळ एकट्यानेच काम करत होते.

१८४३ मध्ये त्यांचे मानवी मनाच्या कार्याविषयीचे पुस्तक एडिंबरामध्ये प्रसिद्ध झाले, तेही लेखकाच्या नावाशिवाय. वायूंविषयीच्या त्यांच्या कल्पनांची पहिली झलक त्यात होती. पण मनाविषयीच्या पुस्तकात वायूंचे भौतिकशास्त्र कोण शोधणार? ते कुणाच्या लक्षात आले नाही.

तेव्हा वायूंबद्दल काय समज होता?

वायू बंद भांड्यावर दाब देतो, हे सर्वांना ठाऊक होते. का देतो, याचे उत्तर मात्र वेगळे दिले जाई. वायूचे कण आपापल्या जागी असतात आणि एकमेकांना दूर ढकलतात, असे बहुतेक जण मानत. उष्णता ही एक न दिसणारी पातळ वस्तू असून ती गरम पदार्थातून थंड पदार्थात वाहते, ही कल्पनाही अजून पुरती गेलेली नव्हती.

याला छेद देणारे लोक आधीही होऊन गेले होते. स्वित्झर्लंडच्या डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच वायूचा दाब कणांच्या टकरींमधून येतो असे मांडले होते. इंग्लंडचे जॉन हेरापथ यांनी १८२० मध्ये असाच सिद्धांत रॉयल सोसायटीकडे पाठवला, पण तो स्वीकारला गेला नाही. हेरापथ यांच्या मांडणीत एक मोठी गफलत होती. त्यांनी तापमानाचा संबंध कणांच्या थेट वेगाशी जोडला होता. वॉटरस्टन यांनी तो वेगाच्या वर्गाशी जोडला आणि तोच बरोबर होता.

सिद्धांत नेमके काय सांगतो?

वायू म्हणजे असंख्य सूक्ष्म रेणूंचा समूह. एवढे असंख्य की २७ अंश सेल्सिअस तापमानाला एका घन सेंटीमीटर हवेत, म्हणजे साधारण फाशाएवढ्या जागेत, त्यांची संख्या २४ वर १८ शून्ये इतकी भरते. तरीही रेणूंच्या आकाराच्या मानाने त्यांच्यामधली जागा खूप मोठी असते. म्हणूनच पंपाने हवा दाबता येते, पाणी तसे दाबता येत नाही.

हे रेणू सर्व दिशांना सरळ रेषेत धावतात. एकमेकांवर किंवा भांड्याच्या भिंतीवर आपटतात आणि उसळून परत फिरतात. या टकरींमध्ये एकूण गतिज ऊर्जा वाया जात नाही. जमिनीवर टाकलेला चेंडू हळूहळू थांबतो, तसा बंद टायरमधला वायू थकून तळाशी बसत नाही तो यामुळेच.

दाब म्हणजे भिंतीवर बसणाऱ्या या अगणित धक्क्यांची बेरीज. रेणूंची संख्या दुप्पट केली तर धक्के दुप्पट आणि दाबही दुप्पट. पंप मारल्यावर टायरमध्ये हेच घडते. रेणूंचा वेग दुप्पट केला तर मात्र दाब चौपट होतो. कारण प्रत्येक धक्का दुप्पट जोराचा बसतो आणि तेवढ्याच वेळात धक्क्यांची संख्याही दुप्पट होते. दोनदा दुप्पट म्हणजे चौपट. वेगाचा वर्ग येतो तो इथून.

मग तापमान म्हणजे काय?

वॉटरस्टन यांच्या मांडणीचा गाभा इथे आहे. वायूचे तापमान हे त्याच्या रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे, असे त्यांनी दाखवले. मात्र तापमान मोजायचे ते उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या निरपेक्ष शून्यापासून.

टायरचा हिशेब याच पद्धतीने करून पाहू. सकाळचे तापमान २७ अंश सेल्सिअस, म्हणजे निरपेक्ष मापाने ३००. दुपारी उन्हात आणि तापलेल्या डांबरावर टायरमधली हवा ५७ अंशांवर गेली, म्हणजे ३३०. आकारमान फारसे बदलले नाही, तर आतला निरपेक्ष दाब दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी असे सांगतात. तापलेल्या टायरमधली हवा जास्त वाटली म्हणून सोडून दिली, तर रात्री गार झाल्यावर ती कमी पडते. सुगंधी फवाऱ्याचा डबा उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, या सूचनेमागेही हेच कारण आहे.

वॉटरस्टन यांनी आणखी एक गोष्ट ओळखली. दोन वायू एकत्र मिसळले तर हलके रेणू वेगाने आणि जड रेणू सावकाश धावतात, पण दोघांची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच राहते. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा १६ पट जड असतो. म्हणून एकाच तापमानाला हायड्रोजनचा रेणू ऑक्सिजनच्या चौपट वेगाने धावतो. ऊर्जेच्या या समान वाटणीचा नियम पुढे भौतिकशास्त्राचा एक खांब ठरला. त्याचे पहिले रूप मुंबईहून गेलेल्या या निबंधात होते.

निबंधात सगळेच अचूक होते असे नाही. वायूंच्या विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर काढताना त्यांची आकडेमोड चुकली होती. पाया मात्र पक्का होता.

लंडनमध्ये निबंधाचे काय झाले?

निबंध ब्यूफोर्ट यांच्यामार्फत रॉयल सोसायटीकडे गेला. ११ डिसेंबर १८४५ रोजी तो दाखल झाला आणि ५ मार्च १८४६ रोजी सभेत वाचला गेला. छापण्याआधी तो दोन परीक्षकांकडे गेला.

एक होते ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक बेडन पॉवेल. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या रॉबर्ट बेडन पॉवेल यांचे ते वडील. दाब हा कणांच्या आघातांमुळे निर्माण होतो, हे गृहीतकच त्यांना पटले नाही. गणिती सिद्धांताचा पाया म्हणून ते समाधानकारक नाही, असा अभिप्राय त्यांनी दिला. दुसरे परीक्षक होते खगोल आणि गणिताचे जाणकार जॉन ल्युबॉक. त्यांनी तर हा निबंध निव्वळ अर्थहीन असून सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही, असे मत नोंदवले.

त्यामुळे संपूर्ण निबंध छापला गेला नाही. सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याचा छोटासा सारांश तेवढा आला. सिद्धांताची खरी ताकद गणितात होती आणि सारांशात ती दिसणे शक्यच नव्हते.

निबंध परत का मिळाला नाही?

सोसायटीच्या रिवाजानुसार सभेत वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होत असे. नाकारला तरी लेखकाला परत मिळत नसे. वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ नक्कल ठेवलेली नव्हती. परिणामी वर्षानुवर्षांचे काम ना छापले गेले, ना दुसरीकडे पाठवता आले.

ते गप्प बसले नाहीत. १८५१ मध्ये इप्स्विच येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांच्या सिद्धांताचा गोषवारा मांडला गेला. पण तोही काही परिच्छेदांचाच होता. त्यावरून कुणाला मूळ गणितापर्यंत पोहोचता आले नाही. स्वतः वॉटरस्टन हजारो मैल दूर, मुंबईत शिकवत होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वे धावली, तेव्हाही रेल्वेमार्गांची मोजणी केलेला हा माणूस मुंबईतच नोकरीत होता.

मग श्रेय कुणाला मिळाले?

१८५६ मध्ये जर्मनीत ऑगस्ट क्रोनिग यांनी आणि १८५७ मध्ये रुडॉल्फ क्लॉसियस यांनी वायूंचा गतिज सिद्धांत नव्याने मांडला. योगायोग असा की १८५७ मध्येच वॉटरस्टन नोकरी सोडून स्कॉटलंडला परतले. क्लॉसियस नामांकित होते, त्यांच्या लेखाची लगेच दखल घेतली गेली.

दखल घेतली म्हणून शंकाही आल्या. एक शंका आपल्याकडच्या उदाहरणाने सहज समजेल. चैत्राच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात मोहाची फुले गळू लागतात. अंगणात वाळत घातलेल्या फुलांचा वास घराच्या मागच्या बाजूला पोहोचायला बराच वेळ लागतो. पण सिद्धांतानुसार २७ अंश सेल्सिअसला हवेतल्या नायट्रोजनच्या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर, म्हणजे ताशी १८०० किलोमीटरच्या घरात असतो. रेणू एवढे वेगवान असतील, तर वास क्षणात का पोहोचत नाही?

क्लॉसियस यांनी १८५८ मध्ये याचे उत्तर दिले. रेणू वेगवान असला तरी त्याला सरळ जायला मिळत नाही. आजच्या मापाने सांगायचे, तर नेहमीच्या हवेतला रेणू एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी अंतर जाताच दुसऱ्यावर आपटतो. सेकंदाला अशा सुमारे ७०० कोटी टकरी होतात आणि प्रत्येक वेळी दिशा बदलते. यात्रेच्या गर्दीत जोरात पळणारे मूल जसे फार पुढे जात नाही, तसेच हे. झुळूक आली की वास लवकर पोहोचतो, कारण तेव्हा सगळी हवाच एकत्र सरकते.

१८५९ ते १८६० दरम्यान जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी सगळ्या रेणूंचा वेग सारखा नसतो, काही मंद तर काही फार वेगवान असतात, हे गणिताने दाखवले. पुढे लुडविग बोल्ट्झमन यांनी ते काम विस्तारले. गतिज सिद्धांत म्हटले की ही तीन नावे आजही घेतली जातात. वॉटरस्टन यांचे नाव कुणाला ठाऊकच नव्हते.

त्यांची अखेरची वर्षे कशी गेली?

स्कॉटलंडमध्ये वॉटरस्टन साधेपणाने राहिले. ध्वनी, द्रव पदार्थ, सूर्याची उष्णता या विषयांवर त्यांनी लेख लिहिले. सूर्यावर उल्का कोसळून त्याची उष्णता टिकत असावी, ही त्यांची कल्पना १८५३ मध्ये मांडली गेली आणि त्या काळी तिची चर्चाही झाली. पण नकारांची मालिका सुरूच राहिली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनेही त्यांचे निबंध नाकारल्यावर १८७८ मध्ये त्यांनी तिचे सदस्यत्व सोडले. वैज्ञानिक संस्थांविषयी त्यांच्या मनात कायमची कटुता बसली.

१८ जून १८८३ रोजी ते घरातून फिरायला बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. पाण्यात पडून ते बुडाले असावेत, असा अंदाज बांधला गेला. मॅक्सवेल यांचे निधन त्याआधी १८७९ मध्ये झाले होते. आपल्या आधी कुणीतरी हे गणित मुंबईत केले होते, हे त्यांना कळलेच नाही. आणि आपले गणित बरोबर होते याची जगाने दिलेली पावती वॉटरस्टन यांनाही मिळाली नाही.

कपाट कसे उघडले?

१८९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले रॉयल सोसायटीचे सचिव होते. ध्वनीविषयी वाचताना त्यांना वॉटरस्टन यांचा १८५८ चा एक लेख सापडला. त्यात जुन्या निबंधाचा उल्लेख होता. रॅले यांनी सोसायटीच्या दप्तरात शोध घेतला आणि ४५ वर्षे पडून असलेले हस्तलिखित हाती लागले. सोसायटीच्या मालकीचा झाला म्हणून जो निबंध लेखकाला मिळाला नाही, तो त्याच कारणाने जपूनही राहिला होता.

रॅले यांनी १८९२ मध्ये तो प्रस्तावनेसह सोसायटीच्याच नियतकालिकात छापला. हा निबंध वेळेवर न छापल्याने विषयाची प्रगती बहुधा दहा-पंधरा वर्षे मागे पडली, असे त्यांनी नमूद केले. मात्र त्याच प्रस्तावनेत त्यांनी एक व्यवहारी सल्लाही दिला. अपरिचित लेखकाने आधी मर्यादित विषयावरचे, सहज तपासता येईल असे काम करून ओळख मिळवावी आणि मग मोठी झेप घ्यावी, असा त्याचा आशय होता. १९२८ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी वॉटरस्टन यांचे सर्व वैज्ञानिक लेख चरित्रासह संपादित करून प्रसिद्ध केले.

चूक कुणाची होती?

परीक्षक अडाणी नव्हते. १८४५ मध्ये रेणू कुणी पाहिले नव्हते, मोजलेही नव्हते. रेणू खरोखर असतात याचे निर्विवाद पुरावे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आइन्स्टाइन यांचे गणित आणि ज्याँ पेराँ यांचे प्रयोग यांतून मिळाले. पण एक फरक उरतोच. पटले नाही, म्हणून शंका घेणे वेगळे आणि गणित न तपासता मोडीत काढणे वेगळे. क्लॉसियस यांच्या सिद्धांतावर शंका घेतली गेली आणि त्यातून तो अधिक पक्का झाला. वॉटरस्टन यांच्या वाट्याला अशी शंकाही आली नाही.

दुसरी बाब अंतराची. लंडनमध्ये असते, तर ते परीक्षकांना भेटले असते, वाद घातला असता, दुसरी प्रत तयार केली असती. केंद्रापासून लांब, ओळखीपाळखीशिवाय काम करणाऱ्याचा एकच कागद गहाळ झाला तर सारेच जाते. नंदुरबारसारख्या टोकाच्या जिल्ह्यातून मोठ्या शहरांतल्या संस्थांकडे अर्ज, प्रकल्प, प्रस्ताव पाठवणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना हा अनुभव अगदीच परका नसेल. आज मोबाइलवर फोटो काढून प्रत जपणे क्षणाचे काम आहे. वॉटरस्टन यांना त्यासाठी पुन्हा हाताने सगळी पाने लिहून काढावी लागली असती. ते त्यांनी केले नाही आणि त्याची किंमत आयुष्यभर मोजली.

अकरावी-बारावीच्या पुस्तकात गतिज सिद्धांताचा धडा येतो, तेव्हा त्यात मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन भेटतात. तो धडा वाचताना एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही की दाब, वेग आणि तापमान यांचे ते नाते मॅक्सवेल यांच्या चौदा-पंधरा वर्षे आधी, नौदलाच्या मुलांना शिकवून झाल्यावर उरलेल्या वेळात, आपल्याच राज्याच्या राजधानीत कागदावर उतरले होते.